शाईची छत्री आणि आंब्याच्या सालीवरचं शैवाक

लग्नाला दहा महिने झाले होते, आणि तोवर सासऱ्यांशी झालेलं माझं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही अढी होती असं नाही. ते कुणाशीच फारसं बोलत नसत. सरकारी कचेरीत नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचे ते बातम्यांसाठी नव्हे, छपाईतले ऱ्हस्वदीर्घ तपासायला. लाल पेन्सिलीनं खुणा करून झाल्या की साडेनऊ वाजायचे, आणि मग संध्याकाळपर्यंतच्या वेळाचं काय करायचं हे त्यांना कळत नसे.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात संशोधनातून एम.एस्सी. करत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला विषय दिला तो अगदी दोन वाक्यांत.

"दोन्ही बुरशीच," त्या म्हणाल्या. "एक कुठल्याही कुजक्या ओंडक्यावर टोपलीभर सापडते, आणि दुसरी सबंध पुण्याच्या आसपास मला आजवर एकाच झाडावर दिसलीय. असं का, ते तुम्ही शोधून सांगायचं."

मुबलक होती ती पावसाळी छत्री. तपकिरी, घंटेच्या आकाराची, वर अभ्रकासारखे चमकणारे कण. उगवल्यावर दिवसभरात ती स्वतःच वितळायला लागते आणि तिची काळी शाई होऊन ठिबकते. दुर्मीळ होतं ते एक शैवाक. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून केलेला संसार. गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, ते शैवाकच. पण मॅडमचं हे त्याहून वेगळं होतं. त्याचा एक जुना, पिवळा पडलेला नमुना महाविद्यालयाच्या संग्रहात होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षांत ते कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. मग मॅडमनाच ते कात्रजच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरच्या एका आंब्यावर दिसलं होतं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न शैवाकाचा नव्हता, सोबतीचा होता. माझे यजमान हडपसरला कारखान्यात होते. त्यांची सुट्टी गुरुवारी आणि मला मोकळा वार रविवार. सासूबाईंनी निकाल दिला, "एकटीनं त्या घाटात जायचं नाही." मग त्यांनी आरामखुर्चीकडे बघितलं. "घरात एक माणूस रिकामं आहे."

रिकाम्या माणसानं वर्तमानपत्र खाली केलं. "किती वाजता निघायचं?"

एवढंच. पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. त्यांच्या अंगात कोट, हातात छत्री, आणि तोंडात एक शब्द नाही. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरून दीडेक तास चाललो. मॅडमनी सांगितलेल्या खुणेवरून आंबा सापडला. चांगला जुना, दोघांच्या कवेत न मावणारा. छातीच्या उंचीवर सालीला चिकटलेला पुरीएवढा एक चट्टा होता; करडा-हिरवा, कडा कुरळ्या, एका बाजूला बारीक पिवळसर ठिपके.

"हे?" सासरे म्हणाले.

"हो, बाबा."

"हे बघायला दोन बस बदलून आलो आपण? आपल्या न्हाणीघरात याहून मोठं आहे."

आंब्यापासून चाळीसेक पावलांवर, रस्त्याच्या खालच्या अंगाला शिरीषाचं एक तोडलेलं खोड कुजत पडलं होतं. त्याच्यावर आमच्या छत्र्या असणार होत्या. गेलो तर तिथे फक्त काळे ओघळ होते. छत्र्या येऊन, वितळून, गेल्याही होत्या.

"म्हणजे दुर्मीळ आहे ते जागेवर आणि मुबलक आहे ते गायब," ते म्हणाले. "विषय नीट लिहून घेतलात ना?"

पहिले दोन महिने असेच गेले. शैवाक किती वाढतं हे मोजायचं, तर त्याची कडा दर महिन्याला हुबेहूब उतरवायला हवी. मी वहीत चित्र काढायचे. माझा हात चित्रकलेत कच्चा. एकदा ते मागून डोकावले.

"हा काय, महाराष्ट्राचा नकाशा? कोकण राहिलंय."

मला रडू यायचंच बाकी होतं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण परतीच्या बसमध्ये त्यांनी कधी नव्हे ते खिडकीची जागा मला दिली. आणि पुढच्या रविवारी त्यांच्या खांद्याला एक पिशवी होती. तीत ट्रेसिंग पेपर, चार टाचण्या, टोक काढलेल्या तीन कडक पेन्सिली, भिंग आणि पितळी पट्टी. त्यांनी कोट काढून फांदीला अडकवला, कागद सालीवर टाचला, आणि पाऊण तास तो चट्टा उतरवला. एकेक वळण, एकेक फाटा. शेवटी कोपऱ्यात बाण काढून वर 'उ' लिहिलं, खाली मोजमाप घातलं.

"उत्तर कशाला, बाबा?"

"उत्तर दिशा नसेल तर तो नकाशा नव्हे. नुसतं चित्र."

मॅडमनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांना सोडू नका."

छत्रीनं मात्र त्यांनाही दाद दिली नाही. नऊला पोचलो तरी शाई, आठला पोचलो तरी शाई. कधी नुसत्या कळ्या, आणि पुढच्या रविवारी येईपर्यंत सगळं उरकलेलं. चिडून मी म्हटलं, "एवढी ढिगानं उगवते म्हणतात, आणि मला एक धड बघायला मिळत नाही."

"ती ढिगानं उगवते, पण तिच्या वेळापत्रकानं," ते म्हणाले. "आपल्या नाही."

ते वेळापत्रक आम्हाला सांगितलं ते शेजारच्या शेताच्या मालकिणीनं. पन्नाशीच्या, लुगड्याचा काचा घट्ट मारलेल्या. बांधावर उभ्या राहून त्या आमच्याकडे चांगले दोन-तीन रविवार बघत होत्या. एके दिवशी खाली आल्या.

"काय हरिवलंय का ताई? मी बगती, तुमी दर आइतवारी यून शोधताय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खोडाकडे पाहिलं. "ह्या व्हय? ह्या खायाच्या न्हाईत हां. खायाची आळंबी येगळी, ती वर वारुळापाशी येती." मग आभाळाकडे बघून म्हणाल्या, "दोन दिस पाऊस हुता, आज उकाडा हाय. उद्या पहाटं येत्यात बगा. आनि खोडापाशी माझी शेळी येती, ती तुडवती. मी काट्या लावून घेती."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी प्रयोगशाळेला दांडी मारली. पहिल्या बसनं निघून आम्ही पोचलो, तेव्हा खोडाभोवती बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या आणि आत शेकडो छत्र्या. गर्दी करून, एकमेकींवर रेलून, सगळ्या ताज्या. सासरे गोणपाटावर मांडी घालून बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. दर तासाला एक चित्र. सकाळी घंटा, दुपारी कडा वर वळलेली, चार वाजता पहिला काळा थेंब. तो थेंब त्यांनी दौतीच्या झाकणात धरला. बोरूच्या बारीक टोकानं कागदावर रेघ ओढून बघितली. ती तपकिरी-काळी उमटली, आणि वाळल्यावरही पुसली जाईना.

"कचेरीतल्या शाईपेक्षा बरी आहे," ते म्हणाले. त्या दिवसाचं शेवटचं चित्र त्यांनी त्या छत्रीच्याच शाईनं काढलं. मावशी (एका दिवसातच मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते) चुलीवरचा चहा घेऊन आल्या. चित्र बघून त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "आगं बया. हिच्याच रगतानं हिलाच काढली की!"

वर्ष असं सरलं. छत्री एका दिवसात जन्माला येऊन म्हातारी होत होती, आणि आमचं शैवाक सबंध पावसाळ्यात मोहरीच्या दाण्याएवढं सरकलं. ट्रेसिंग एकावर एक धरून उजेडात बघितल्याशिवाय ते समजायचंही नाही. पण ते वाढलं हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा सासऱ्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून आणलं होतं. सासूबाईंनी खिडकीशी उभं राहून दोन्ही कागद बघितले. "कुठे आहे फरक?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी पेन्सिलीनं दाखवला. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि भाजी करपते म्हणून परत गेल्या.

होळीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही नेहमीप्रमाणे रस्त्यानं चाललो होतो आणि मला रस्ता वेगळाच वाटायला लागला. मग लक्षात आलं. झाडं रंगवलेली होती. बुंध्यांना खाली गेरू, वर चुना, मध्ये नीट रेघ. त्या रस्त्यानं कुणी मोठे पाहुणे जाणार होते, म्हणून रस्ता सजवायचं काम निघालं होतं. पुढच्या वळणावर कामकरी बायका बादल्या घेऊन दिसल्या. त्यांच्या आणि आमच्या आंब्याच्या मध्ये चार झाडं होती.

साठीचा माणूस कोट घालून धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी मागून पोचले तोवर ते आंब्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते, आणि मुकादम त्यांच्यासमोर.

"ओ आजोबा, बाजूला व्हा. काम चाललंय."

"चालू द्या. मीही कामावरच आहे."

"झाड रंगवायचंय."

"मग मला रंगवा. लोकांनी मला चुना आधीही लावलेला आहे, सवय आहे."

बादलीवाल्या बायका हसायला लागल्या. मुकादमालाही हसू आवरेना, पण माणूस अडचणीत होता. "आहो, एक झाड कोरं राहिलं तर साहेब मला विचारणार. मी काय सांगू?"

मी पुढे होऊन तो चट्टा दाखवला, तो किती दुर्मीळ आहे ते सांगितलं. मुकादमानं वाकून बघितलं. "एवढंसं?" मग माझ्या तोंडाकडे बघून सासऱ्यांना म्हणाला, "पोरगी रडंल आता. करायचं काय ते तुम्हीच सांगा."

सासऱ्यांनी पिशवीतून पट्टी काढली. "झाड सोडू नका. खिडकी सोडा."

त्यांनी खडूनं शैवाकाभोवती ऐसपैस चौकोन आखला. वरून चुन्याचा ओघळ येऊ नये म्हणून वरची हातभर सालही कोरी ठेवायला सांगितली. एका बाईनं जीभ दातांत धरून त्या खडूच्या बाहेरून गेरूची अशी सुरेख कड ओढली की सासरे म्हणाले, "आमच्या कचेरीत असता तर मी एवढ्यात निवृत्त झालो नसतो." ती लाजली. मुकादम मागे सरून डोळे बारीक करून बघत राहिला, आणि म्हणाला, "झकास दिसतंय की."

झकास दिसलं हीच पुढे पंचाईत झाली. तीन आठवड्यांनी गेलो तर झाडाच्या मुळाशी नारळाच्या करवंट्या, झेंडूची फुलं, आणि उदबत्तीच्या काड्या. गेरूच्या चौकटीत काहीतरी जपून ठेवलंय, म्हणजे तो देवच असणार, असं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं होतं. सालीवर कुंकवाची बोटं उमटली होती. शेवटचं बोट शैवाकापासून दोन अंगुळांवर. कुणीतरी तेलही घातलं होतं.

सासऱ्यांनी वाकून चौकट बघितली. "मी नुसती चौकट काढली," ते म्हणाले. "देव यांनी बसवला."

"पाटी लावूया का, बाबा? हात लावू नये म्हणून?"

"पाटी लावली की आधी पाटीला हळदकुंकू वाहतील."

शेवटी मावशींना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विटाळ-बिटाळ काही म्हटलं नाही, देवाची थट्टाही केली नाही. म्हणाल्या, "लोकांला हात जोडायला जागा लागती ताई. जागा दिली म्हंजी झालं." शेताच्या बांधावरचा एक गुळगुळीत धोंडा त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं मिळून उचलला, आंब्यापासून दहा पावलांवर, सावलीत ठेवला, धुतला, आणि झाडापाशी होतं नव्हतं ते सगळं तिथे नेऊन मांडलं. येईल त्याला सांगायला लागल्या, "झाड आजारी हाय, त्याला शिवू नगा. नारळ हितं फोडा." लोकांनी ऐकलं. कुणाची काही तक्रार नव्हती. उलट सावलीत बसायला बरं, म्हणून गर्दी थोडी वाढलीच. आंब्याला मात्र पुन्हा कुणी बोट लावलं नाही.

दुसरा पावसाळा आला. मी छत्रीबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. तिला काय लागतं? कुजकं लाकूड आणि दोन दिवस पाऊस. आपल्याला दिसते ती तर नुसती फळं. खरी बुरशी खोडाच्या आत धाग्यांच्या रूपानं वर्षभर पसरलेली असते. पण शैवाकावर माझं पान कोरंच होतं. ते एकाच झाडावर का, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी मावशी बांधावर आमची वाटच बघत उभ्या होत्या. ओच्यात पळसाच्या पानात गुंडाळलेली आळंबी. "वर वारुळाकडं गेली हुती सकाळच्याला," त्या म्हणाल्या. "तुमचं त्ये गोल हाय की तितं. दोन झाडांवर."

मला आधी अर्थच लागला नाही. "कुठलं गोल, मावशी?"

"त्येच. आजोबा कागुद लावत्यात त्ये."

आम्ही त्यांच्या मागोमाग चढायला लागलो. वाट अशी नव्हतीच. सासऱ्यांचा एक गुडघा दुखरा, मी थांबा म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही थांबा हवं तर." डोंगराच्या कुशीत, रस्ता दिसत नाही आणि गाड्यांचा आवाजही येत नाही अशा एका खोलगट जागी दोन जुने आंबे होते. दोन्हींच्या सालीवर आमचं शैवाक. पुरीएवढं नव्हे, ताटाएवढं. एकाला लागून दुसरं, कुरळ्या कडा एकमेकींत गुंतलेल्या, पावसानं फुगून हिरवीगार झालेली.

मी तिथेच खाली बसले. हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

"मावशी, तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"म्हंजी काय. माझं लगीन झाल्यापास्नं बगती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "मला काय ठावं तुमी त्ये शोधताय? तुमी तर एकाच झाडाला यून बगत हुता."

सासरे त्या दिवशी खूप वेळ हसले. इतके, की त्यांना हातातल्या छत्रीचा आधार घेऊन उभं राहावं लागलं. मलाही मग हसू आलं. सव्वा वर्ष मी 'हे एकाच झाडावर का' असं विचारत होते, आणि सव्वा वर्ष दुसऱ्या झाडाकडे बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं कोरं पान भरायला लागलं. स्वच्छ, दमट हवा. शंभरेक वर्षांची, न तोडलेली साल. आणि भरपूर वेळ. हे तिन्ही जिथे एकत्र असतील तिथे ते आहे. अशी जागा दुर्मीळ, म्हणून ते दुर्मीळ.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांचं नाव ऐकूनच माझ्या वर्गमैत्रिणी घाबरायच्या. त्यांनी माझा प्रबंध चाळला आणि चष्म्यावरून बघितलं.

"दुर्मीळ म्हणता आणि तीन झाडं दाखवता?"

"सर, छत्रीला एक कुजका ओंडका पुरतो, आणि ओंडके आपण रोज तयार करतोय," मी म्हटलं. "याला शंभर वर्षांचं उभं झाड लागतं. ते आपण तयार करत नाही."

ते "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला कळला नाही. मग ते चित्रांवर थांबले. एकेक पान उलटून, कागद तिरपा करून बघत राहिले. "ही कुणाची?"

"सासऱ्यांची. ते बाहेर बाकावर बसलेत."

"बाहेर का? आत बोलवा."

सासरे आत आले ते कोटाचं वरचं बटण लावत. परीक्षकांनी त्यांना खुर्ची दिली, आणि माझी परीक्षा बाजूला राहिली. "या दोहोंत काढायला अवघड काय गेलं?"

"छत्री," सासरे म्हणाले. "ती बसून राहत नाही. शैवाकाचं सोपं. बसवलं तिथे बसतं, सरकारी नोकरासारखं."

तो कडक माणूस मोठ्यानं हसला. मॅडमनी माझ्याकडे बघून डोळे मिटले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पास झाले आहे.

रस्त्याकडेचा तो आंबा पुढे काही वर्षांनी वादळात पडला. वरच्या खोलगटीतले दोन मी परवा-परवापर्यंत बघितलेत, शैवाकासकट. पण त्या परीक्षेतून सगळ्यात अनपेक्षित निघालं ते वेगळंच. महिन्याभरानं आमच्या घरी एक पार्सल आलं. आत कापसात ठेवलेल्या वाळक्या बुरशा, आणि परीक्षकांची चिठ्ठी. ते बुरशांवर एक मोठं पुस्तक लिहीत होते. त्यातली चित्रं सासऱ्यांनी काढावीत अशी त्यांची इच्छा होती.

पहिल्यांदा सासरे नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घडीही न मोडता पडलेलं होतं, आणि गॅलरीत त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड मांडलेला. पुढे कित्येक वर्षं ती पार्सलं येत राहिली. सासूबाई पोस्टमनला दारातच विचारायच्या, "आज काय कुजलेलं आणलंत?" मला तोवर महाविद्यालयात नोकरी लागली होती. संध्याकाळी मी उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्यासमोर बसायचे, ते भिंग न काढता विचारायचे, "ही छत्रीखालची पट्टी देठाला चिकटलेली असते की सुटी?" मी सांगायचे. ते म्हणायचे, "नक्की?" मग आम्ही दोघं पुस्तक काढून बघायचो, आणि बरेचदा त्यांची शंका बरोबर निघायची.

एकदा एक फार देखणं चित्र पुरं झालं, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, खाली सही करा ना."

"नकाशावर सही करत नाहीत," ते म्हणाले. "तारीख घालतात."

त्यांनी तारीख घातली, कागद वाळत ठेवला, आणि पार्सलातली पुढची पुडी सोडली.